नकटीचा ठसा

मावशी सकाळीच आली. ठेवणीतला राखाडी कोट घालून आली आणि दारातूनच म्हणाली, "पास कुठाय?"

त्या पासाचं नाव घरात तोवर कोणी काढलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी साहेबाने तो आणून पावाच्या डब्याखाली ठेवला होता, आणि तेव्हापासून घरातली माणसं डब्याकडे न बघता पाव खात होती.

"आधी बस तर खरी," साहेब म्हणाला. "चहा टाकलाय."

"चहा आल्यावर. फाटकावर तपासणीला वेळ लागतो म्हणे. हे बघ, कोटाचे खिसे शिवून टाकलेत. उगाच कोणाला बोट दाखवायला जागा नको."

या घरचा मुलगा टांकसाळीत अधिकारी झाला त्या दिवसापासून मावशी त्याला साहेब म्हणायला लागली. टोमणा म्हणून सुरू झालेलं नाव. पण ते इतकं चिकटलं की आता बायकोही रागावली की तेच वापरायची. नावं ठेवण्याचं खातं घरात पूर्वीपासून मावशीकडेच. सुनेचं नाव इतिहासबाई. ती कॉलेजात इतिहास शिकवायची आणि गेलं वर्षभर टांकसाळीचा इतिहास लिहीत होती. कारखाना नदीकाठची जुनी इमारत सोडून गावाबाहेर जाणार होता. त्याआधी कोणीतरी सगळं लिहून ठेवावं असं वरच्यांना वाटलं, आणि ती घरातलीच निघाली.

खिशांचं मात्र मावशीने थट्टेवारी नेलं नाही. टांकसाळीत जाणाऱ्या माणसाला खिसा नसतो, हा पहिल्यापासूनचा नियम. मावशीने उभं आयुष्य त्या कामगारांचे बिनखिशाचे सदरे शिवण्यात काढलं होतं. बाबा निवृत्त झाले तेव्हा साहेबाने त्यांना चांगला दोन खिशांचा शर्ट घेऊन दिला. त्या खिशांत काय ठेवायचं हे बाबांना सुचेना. शेवटी एकात चष्मा ठेवला आणि दिवसभर चष्मा शोधत बसले.

बाबा आता खिडकीपाशी बसून छिन्नीला धार लावत होते. मावशी आली तसे ते मान वर करून "ये" म्हणाले आणि पुन्हा दगडाकडे वळले. कारखान्यात त्यांना ठसेवाले म्हणत. नाणं ज्याने छापतात तो पोलादी ठसा कोरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आणि त्यांनी कोरलेल्यांतला एक, सगळ्यांत प्रसिद्ध, आज दुपारी मोडायचा होता.

मोडायचा म्हणजे त्यावर छिन्नीने फुली मारायची. चलनातून गेलेल्या नाण्याचा मूळ ठसा तसाच ठेवत नाहीत. कोणाच्या हाती लागला तर? जागा बदलण्याआधी जुने सगळे ठसे असे बाद करायचे होते, आणि बाकीचे झालेही होते. पण टांकसाळीत एक रीत होती. जो कोरतो तोच पुसतो. कोरणारा हयात असला तर फुली त्यानेच मारायची. शेजारी बाहेरचा एक साक्षीदार उभा करायचा. पास होता तो त्या साक्षीदाराचा.

"एकच पास आहे ना?" मावशीने विचारलं.

"एकच."

"मग झालं तर. एकच माणूस आलंय."

साहेबाने बाबांकडे बघितलं. बाबांनी छिन्नीची धार नखावर तपासली. या घरात आणीबाणीच्या वेळी बाबांना नेहमी काहीतरी तपासायचं असतं.

*

स्वयंपाकघरात इतिहासबाई कांदा चिरत होती आणि तिच्या सासूबाई बटाटे सोलत होत्या. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं.

"मावशी तयार होऊन आल्यात," सून म्हणाली.

"तिचा हक्कच आहे. नाणं तिचं."

सासूबाईंच्या आवाजात काहीच नव्हतं. पण सालं जाड निघत होती, आणि त्यांच्या हातून जाड साल निघताना सुनेने कधी पाहिलं नव्हतं.

नाणं मावशीचं कसं, ते सुनेला तोंडपाठ होतं. बाबांनी कोरलेल्या त्या नाण्यावर एका बाईचा चेहरा होता. बाजूने नव्हे, अगदी समोरून, बघणाऱ्याकडे बघणारा. तेव्हाच्या प्रमुखाने बजावलं होतं, समोरचा चेहरा कोरू नका, सगळ्यांत उंच भाग नाकाचा, तोच आधी झिजणार. बाबांनी ऐकलं नाही. नाणं बाजारात गेलं, हातोहाती फिरलं, आणि दोन-तीन वर्षांत बाईचं नाक सपाट झालं. लोकांनी नाण्याचं नाव ठेवलं नकटी. "दोन नकट्या द्या," "नकटी मोडून मिळेल का?" असं रस्तोरस्ती चालायचं. गंमत म्हणजे इतर घरांत पोरांनी हट्ट केला की आया म्हणतात, आपल्याकडे काय टांकसाळ आहे? या घरात ती सोयच नव्हती. इथे म्हणायचे, जा, नकटीला विचार.

आणि ही नकटी म्हणजे मावशी, असं सगळा रस्ता मानून चालला होता. मावशीनेच नवं नाणं आरशाशेजारी धरून बघितलं होतं आणि रस्त्याला सांगितलं होतं. नाण्यावर भांग उजवीकडे, मावशीचाही उजवीकडे. एक भुवई किंचित चढलेली, मावशीचीही तीच. सासूबाईंचं सगळं याच्या उलट. सख्ख्या बहिणी, चेहऱ्याचा साचा एक, पण डावं उजवं वेगळं. दुकानदार मावशीकडे गमतीने पैसे मागत नसत. म्हणत, तुमचा फोटो आहे की आमच्याकडे, पैसे कशाला? मावशी लग्न न करता राहिली. शिवणयंत्र, एक खोली आणि हे नाणं, एवढ्यावर तिचा संसार व्यवस्थित चालला होता.

सरकारी कागदात मात्र लिहिलेलं होतं, एका काल्पनिक स्त्रीचा चेहरा. जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घ्यायचा नाही, हा नियम खिशांइतकाच जुना. ठसा कोरणाऱ्याने त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हाही. बाबांनी तो असा पाळला की घरातही कधी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

"आई," सुनेने सुरी खाली ठेवली. "पुस्तकात त्या नाण्यापाशी मी अडकलेय. मावशींचं नाव लिहावं असं वाटतं. तुमचा मुलगा म्हणतो, नियमाबाहेरचं एक अक्षर छापलंस तर बाबांवर येईल. मी आपली भिजत घोंगडं ठेवून बसलेय."

"तो घाबरट आहे. लहानपणी फुग्याला घाबरायचा."

"तुम्हाला काय वाटतं? मावशीच का?"

सासूबाईंनी बटाटा पाण्यात टाकला. सोललेला बटाटा त्यांनी पुन्हा बाहेर काढला, बघितला, पुन्हा टाकला.

"लग्नाआधी हे आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटायचं धाकटीला मागणी घालतील. ती हसायची खूप. मी काय, आले की जेवण वाढायचे. आणि यांनी मला विचारलं. का विचारलं, ते मी कधी विचारलं नाही. सुखाने चाललेल्या गाडीचं चाक काढून कोण बघतं? मग लग्नानंतर काही वर्षांनी हे नाणं आलं. आणि मी बघितलं तर ती."

सुनेने चिरलेला कांदा ताटलीत सारला. वर्षभर ती या घराच्या इतिहासात बोटं घालत होती. पणजोबांच्या बुटांची गोष्ट तिने शोधून काढली होती. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या बुटांच्या तळांना चांदीचे कण चिकटत, म्हणून निवृत्तीच्या दिवशी बूट काढून घेत आणि जाळून राखेतून चांदी वेगळी करत. पणजोबा त्या दिवशी सत्काराचा हार घालून अनवाणी घरी आले होते. ही गोष्ट तिने तीनदा लिहून तीनदा वाचून दाखवली होती. आणि ज्या बाईच्या शेजारी बसून ती रोज भाजी चिरत होती, तिला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

"आज मी जाणार," सासूबाई म्हणाल्या. "मोडायच्या आत मला एकदा नीट बघायचंय. नवं असताना कसं होतं ते. नाकासकट. ती असेल तर ती. पण खात्री तरी होईल."

"बाहेर मावशी कोट घालून बसल्यात."

"दिसतंय मला. कोट चांगला आहे."

*

जेवायला सगळे एका टेबलाशी बसले. मावशीने कोट काढला नाही, फक्त वरची दोन बटणं सोडली.

साहेबाला वाटलं होतं की जेवण शांतपणे उरकलं तर पुढचंही उरकेल. तो स्वभावाने वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट कोणाच्याही लक्षात न येता व्हावी असं वाटायचं, आणि टांकसाळीत हा गुण मोठा समजला जातो. त्याच्या मनात एक वाक्य तयार होतं: दोघीही घरी थांबा, मी ठसेघरातल्याच कोणाचा तरी भाऊ साक्षीदार म्हणून उभा करतो. ते वाक्य तो घासाबरोबर फिरवत होता.

"साहेब, काय रे, दात दुखतोय?" मावशी म्हणाली.

"नाही. मी काय म्हणतो, आज गर्दी नकोच. तुम्ही दोघी..."

"पास मला दे," आई म्हणाली.

कोणीतरी चमचा खाली ठेवला. बाबांनी.

"तुला?" मावशी हसली. "ताई, तुला कशाला? चाळीस वर्षांत एकदा तरी तू त्या नाण्याचं नाव काढलंस? दुकानात सुटे मिळाले की न बघता पर्समध्ये टाकतेस. मी आपली जपून ठेवते, पुसते."

"नाकाने कांदे सोलतेस."

"आहे नाक, म्हणून सोलते!"

"मावशी, आई," सून मध्ये पडली, "खरं तर नियमाप्रमाणे साक्षीदार कोणीही चालतो, फक्त कारखान्यातला नको."

"इतिहासबाई, तू माझ्या बाजूची ना? वर्षभर माझ्याकडे बसून ऐकलंस. चहा प्यालीस माझा."

"प्याले ना. पण आज आई म्हणतायत तर..."

"म्हणजे फितूर." मावशीने सुनेकडे बघायचं सोडलं आणि बहिणीकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. चिडली की ती हळू बोलायची, आणि ते जास्त लागायचं. "ताई, एवढं एकच तर आहे गं माझं. तुझ्याकडे घर आहे, हे आहेत, साहेब आहे. त्या लोखंडाच्या तुकड्याला निरोप द्यायचा, तेवढं तरी मला जाऊ दे. तू कधी हातात धरून बघितलंस का ते नाणं? एकदा तरी?"

"रोज बघितलं," आई म्हणाली. "तुमच्यासमोर नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. या दोघी एका खाटेवर झोपून मोठ्या झाल्या होत्या. एकीने कूस बदलली की दुसरीला कळायचं. आज पहिल्यांदाच मावशीच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू ताईने कूस बदलली आणि आपल्याला कळलंच नाही.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," बाबा पुटपुटले. ते इतकं अवेळी आणि इतकं त्यांच्यासारखं होतं की साहेबाला ठसका लागला.

मावशीने कोटाची वरची बटणं लावली. मग तो कोट काढला आणि बहिणीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"हा घालून जा. तुझ्या सगळ्या कपड्यांना खिसे आहेत."

*

फाटकावर एका पहारेकरीण बाईने आईची पर्स ठेवून घेतली, घड्याळ ठेवून घेतलं, मग केसांकडे बोट दाखवलं.

"पिना पण, आजी. धातू आत चालत नाही."

"धातूच्या कारखान्यात धातू चालत नाही होय?"

"आतला बाहेर नको, बाहेरचा आत नको. मग मोजायचं सोपं जातं. यांची छिन्नीसुद्धा वजन करून लिहून घेतलीय."

आईने पिना काढून दिल्या. अंबाडा सैल झाला, केस मानेवर आले. लग्नापासून ती या फाटकाच्या बाहेर उभी राहिली होती, डबा द्यायला, पावसाळी बूट द्यायला, एकदा बाप गेल्याचं सांगायला. आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. तिने ठरवलं होतं की नवल दाखवायचं नाही.

छापाच्या मोठ्या दालनात यंत्रं सुटी करून खोक्यांत भरणं चाललं होतं. काहींच्या जागी नुसते जमिनीवर तेलाचे चौकोन उरले होते. सुनेला पुस्तकासाठी आत यायची परवानगी होतीच. ती हळू आवाजात सांगत होती, इथे आधी दोरखंडांची वखार होती. मग पत्रा लाटायचं यंत्र घोडे फिरवायचे, त्या तिथे गोलात. मग वाफ आली. मग युद्धात धातू संपला तेव्हा शहरातले दिव्यांचे खांब वितळवून नाणी पाडली, इतकी हलकी की पाण्यात टाकली तर लोक म्हणायचे तरंगतील. आई "हो का" म्हणत चालली होती. तिचं लक्ष पुढे चालणाऱ्या नवऱ्याकडे होतं. घरात हा माणूस दारांना, टेबलांना आपटत हिंडायचा. इथे तो न बघता वळत होता.

ठसेघर लहान होतं, उत्तरेकडे एक लांब खिडकी. तिथली आताची प्रमुख एक तरुण बाई होती. ती सगळं संगणकावर कोरायची, पण बाबा आत येताच उठून उभी राहिली आणि आपली खुर्ची त्यांना दिली.

"काल भट्टीत घालून मऊ करून ठेवलाय, ठसेवाले. नाहीतर छिन्नीच तुटली असती."

"चांगलं केलंत."

ठसा लोखंडी पकडीत आवळलेला होता. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा, वरचा पृष्ठभाग गोल, घासून स्वच्छ केलेला. साहेबाने घसा साफ करून कागद वाचला. मूळ ठसा. दर्शनी बाजू. काल्पनिक स्त्री. बाद करण्याचं कारण, नाणं चलनातून मागे. कोरणारा उपस्थित. साक्षीदार उपस्थित. शेवटच्या शब्दाला त्याने आईकडे बघितलं आणि पटकन कागदाकडे.

बाबांनी छिन्नी टेकवली. हातोडी उचलली. पण हातोडी खाली आली नाही.

"बाबा?" साहेब म्हणाला.

"थांबा," आई म्हणाली. "साक्षीदाराने आधी बघायला नको का?"

ती पुढे झाली, वाकली. आणि तिला काहीच दिसलं नाही. एक काळपट खळगा, त्यात उंचवटे नि घळी, जशी चिखलात कोणीतरी मूठ दाबून काढून घेतली असावी. एवढ्यासाठी तिने बहिणीला घरी बसवलं होतं.

"हा तर खड्डा आहे."

"खड्डाच असतो," बाबा म्हणाले. "नाण्यावर जे वर येतं ते इथे आत असतं. थांब." त्यांनी टेबलावरचा दिवा ओढला, आणखी खाली घेतला, जवळजवळ आडवा केला. "आता बघ. एक डोळा मीट. घाई करू नकोस."

उजेड बाजूने त्या खळग्यात सांडला. आईने एक डोळा मिटला. आणि घळी हलल्या. जे आत होतं ते हळूच बाहेर आलं, कपाळ, गालाची हाडं, ओठ, आणि मधोमध नीट, सरळ, कुणाच्या बोटाने न झिजलेलं नाक.

भांग डावीकडे होता. भुवई तिची स्वतःची चढायची तीच चढलेली होती. ओठ किंचित आवळलेले, तोंडात पिना धरल्यावर आवळतात तसे. तिला हा चेहरा ओळखायला वेळ लागला नाही, कारण तो ती रोज सकाळी बघत होती.

"ही तर मी आहे," ती म्हणाली.

"मग कोण असणार?"

"पण नाण्यावर... नाण्यावर भांग तिचा आहे."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. ते बोलले ते तिच्या कानाशी, पण ठसेघर लहान होतं.

"ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. समोर माणूस बसवून उलटं करायला गेलं की हमखास चूक होते. म्हणून जुने लोक आरशात बघून कोरायचे. आरशात आधीच उलटं झालेलं असतं. तू सकाळी केस विंचरायचीस, मी मागे उभा राहायचो."

"टॉवेल शोधत!"

"टॉवेल माझ्या खांद्यावरच असायचा."

तिला आठवलं. काय उभे राहता, उशीर होतोय, भोंगा होईल. रोज ओरडायची ती.

"तू स्वतःला जन्मभर आरशातच बघितलंस," बाबा म्हणाले. "म्हणून हा चेहरा तुला तुझा वाटतो. नाण्यावर आलीस ती आम्हाला दिसतेस तशी. तुला ती अनोळखी वाटली असेल. ते माझ्या ध्यानातच आलं नाही कधी. मला वाटलं, तुला माहीत आहे, आणि नियम म्हणून तू बोलत नाहीस. तुझं कौतुक वाटायचं."

"मी मनात काय काय समजत होते, नि तुम्ही कौतुक करत होता!"

"प्रमुख म्हणाले, बाजूने कोर, नाक वाचेल. पण आरशात तू समोर बघायचीस. बाजूने मला तू माहीतच नव्हतीस."

साहेब खिडकीबाहेर नदी बघत होता. एवढ्या एकाग्रतेने नदी कोणी बघत नाही. तरुण प्रमुख बाईला अचानक एक कानस जागेवर ठेवायची आठवण झाली. सुनेच्या हातात पेन होतं आणि तिने ते टोपण लावून बंद केलं.

आई पुन्हा वाकली. या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग सरळ झाली.

"नाक बरं होतं हो माझं."

"अजून आहे."

"मारा आता."

"बघून झालं?"

"झालं म्हणते ना. मारा. भोंगा होईल."

बाबांनी छिन्नी टेकवली. पहिला घाव कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरका गेला, दुसरा त्याला छेदून. मऊ केलेल्या पोलादाचा आवाज मोठा होत नाही. साक्षीदार म्हणून आईने सही केली, आणि सही करताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं आलं.

*

घरी परत आले तेव्हा मावशीने सगळी भांडी घासून ठेवली होती, ओटा पुसला होता आणि टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. बिनकोटाची ती बारीक दिसत होती. बाबांना वाटलं, ही कधी म्हातारी झाली?

ते आपल्या खुर्चीवर बसले. बायकोने केस तसेच मोकळे सोडले होते. पिना फाटकावरून परत घेतल्या होत्या, पण लावल्या नव्हत्या. एवढंच त्यांनी पाहिलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. आता घरात काय होणार याचा विचार करून मात्र त्यांचा जीव घाबरा झाला. पोलादावर घाव घालताना झाला नव्हता.

सुनेने चहा ओतला. कोणीच पहिला घोट घेईना.

"झालं?" मावशी म्हणाली.

"झालं," आई म्हणाली. कोट काढून तिने तो नीट घडी घालून बहिणीसमोर ठेवला. "कोटाचा उपयोग झाला. खिसे शिवल्याचं त्यांनी कौतुक केलं."

"बघितलंस का मग?"

"बघितलं."

"नाकासकट?"

"नाकासकट."

मावशीने कोटावरून हात फिरवला, जिथे खिसा शिवला होता तिथे. पुढचं विचारायला तिला जड जात होतं, आणि न विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. "कोण निघालं?"

बाबांनी बायकोकडे पाहिलं. साहेबाने पाहिलं, सुनेने पाहिलं. तिने साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा होता. वरच्या खोलीत भाड्याने राहत असतानाही त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

"तूच गं," आई म्हणाली. "आणखी कोण?"

साहेबाने तोंड उघडलं. टेबलाखाली सुनेचा पाय त्याच्या पायावर पडला आणि तोंड मिटलं.

मावशीने मान वळवली. "भावोजी?"

आजवर तिने हे त्यांना कधीच विचारलं नव्हतं. विचारायचं नाही हे ती नियमासारखं पाळत आली होती. कदाचित नियमाहून वेगळ्या कशासाठी. ते बाबांना आत्ता, चहाची वाफ चष्म्यावर चढताना, पहिल्यांदा कळलं. आता ठसाही नव्हता आणि नोकरीही नव्हती. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, फक्त गप्प बसायची होती.

"ठशात जे दिसलं ते हिने बघितलं," ते म्हणाले. "हिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मी आता एवढंच सांगेन."

"बाई बाई, चाळीस वर्षांनी एवढे शब्द!" मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिने चहाचा मोठा घोट घेतला. गरम होता. पोळलं तरी तिने तो गिळला. "मला माहीतच होतं म्हणा. इतिहासबाई, लिहिलंस का?"

सुनेने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मान किंचित हलवली, आडवी.

"सरकारी आहे ना मावशी, ते ‘काल्पनिक स्त्री’ असंच लिहावं लागतं. पण रस्त्याला माहीत आहे."

"रस्त्याला माहीत आहे," मावशीने मान्य केलं. ती आता बरीच सैल झाली होती. खुर्चीत मागे टेकली, पाय लांब केले. मग मोकळ्या केसांत समोर बसलेल्या बहिणीकडे निरखून बघत राहिली. चिंध्यांतून चांगला तुकडा निवडताना बघायची तशी.

"पण ताई, खरं सांगू? तुझीही थोडी झाक आहे हं त्याच्यात. कपाळाला."

"असेल," आई म्हणाली. "बहिणीच आहोत."